दगड कुठून आला

मोझांबिक बेटाकडे जाणारा पूल तीन किलोमीटरहून लांब आहे, रुंद मात्र एका गाडीपुरताच. समोरून कोणी आलं की मध्ये ठेवलेल्या बगलेत गाडी घालून थांबायचं, समोरची गेली की पुढे निघायचं. १९६० च्या दशकात हा पूल होईपर्यंत बेटावर जायला होडीच लागे. ओहोटी असेल तर पुलाच्या दोन्ही अंगांना घोटाभर पाण्यात वाकलेल्या बायका शिंपले वेचताना दिसतात. भरती असेल तर त्याच जागी तिरक्या शिडाच्या होड्या. बेटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आतबाहेर. एवढ्याशा जमिनीवरून पुढे अख्ख्या देशाला नाव मिळालं, आणि १८९८ पर्यंत पोर्तुगीजांची राजधानी इथेच होती.

बहुतेक प्रवासी जसे जातात तसाच मीही पहिल्या खेपेला उत्तरेच्या टोकाला, किल्ल्याकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत दक्षिणेकडे चालत निघालो. दगडी घरांच्या रांगा संपतात तिथे रस्ता तसाच पुढे जातो, पण बाजूची जमीन एकदम खाली उतरते. मी रस्त्यावर उभा होतो आणि माझ्या पायांच्या पातळीला छपरं होती. खाली अंगणं, चुली, कोंबड्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, शाळेला निघालेली पोरं. एक अख्खं गाव खड्ड्यात वसलेलं.

कोकणातल्या माणसाला असा खड्डा ओळखायला वेळ लागत नाही. चिऱ्याची खाण बंद पडली की अशीच उभी कड मागे राहते. ही खाणच होती. उत्तरेकडचं शहर ज्या प्रवाळी चुनखडीनं बांधलं, तो दगड इथून निघाला. दगड संपल्यावर उरलेल्या खड्ड्यात, तो काढणाऱ्या आणि वाहणाऱ्या माणसांची वस्ती बसली. उत्तरेच्या भागाला दगडाचं शहर म्हणतात, दक्षिणेच्या भागाला मकुती. मकुती म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे झाप, ज्यांनी ही घरं शाकारतात. बेटावरची बहुसंख्य माणसं आजही मकुतीत राहतात. पावसाळ्यात वरच्या रस्त्यांवरचं पाणी उतारानं त्यांच्या अंगणात येतं.

हे पुस्तक त्या कडेवर उभं राहून लिहिलं आहे. किल्ला, प्रार्थनामंदिरं, राजवाडा, रेल्वे स्टेशन, हे सगळं पाहण्यासारखं आहे आणि मी ते मन लावून पाहिलं आहे. पण त्या प्रत्येकाचा दगड कुठून तरी आला आहे, आणि जिथून आला तिथे खड्डा पडला आहे. मोझांबिकचा वारसा म्हणजे ही दोन्ही ठिकाणं एका नजरेत घेणं, असं मला वाटतं. या पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रमही त्याच विचारानं लावला आहे.

आपल्याकडून आफ्रिकेला जाणारे लोक केनियाचे सिंह, मॉरिशसचे किनारे किंवा केपटाऊन पाहून येतात. मोझांबिकला जाणारा क्वचितच भेटतो. तरी आपल्या किनाऱ्याशी या देशाचं नातं फार जुनं आहे आणि ते जोडलं वाऱ्यांनी. ईशान्येचे वारे सुरू झाले की गुजरात-कोकणातून जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायची आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यांवर परतायची. वास्को द गामा १४९८ च्या मार्चमध्ये या बेटावर पोचला तेव्हा त्याला इथे मुसलमान व्यापारी, भरलेली गलबतं आणि चालता बाजार मिळाला. मुसा बिन बिक नावाच्या स्थानिक शेखाच्या नावावरून बेटाला मोझांबिक म्हणू लागले, असं सांगतात. गामानं ‘शोधलं’ असं आपण शाळेत शिकलो. तो आला तेव्हा इथल्या लोकांना भारत कुठे आहे हे चांगलं माहीत होतं.

पुढच्या शंभर वर्षांत पोर्तुगीजांनी जे बांधलं ते अजून उभं आहे. उत्तर टोकावरची ‘नोसा सेन्योरा दो बालुआर्ते’ ही छोटी प्रार्थनावास्तू १५२२ ची. दक्षिण गोलार्धातली सर्वांत जुनी युरोपीय इमारत म्हणून तिचा उल्लेख होतो. ती अंगानं इतकी लहान आहे की आपल्या खेड्यातल्या मारुतीच्या देवळाची आठवण यावी. छताच्या दगडी कमानींवर मात्र लिस्बनच्या कारागिरीचा हात दिसतो. तिच्या शेजारी साओ सेबास्तियाओ किल्ला. १५५८ मध्ये काम सुरू झालं आणि १६२० च्या सुमारास पुरं झालं. मधल्या काळात, १६०७ आणि १६०८ मध्ये, डच दोनदा चालून आले, गावाची नासधूस केली, पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही.

या किल्ल्यात मला तोफांपेक्षा टाकं जास्त महत्त्वाचं वाटलं. बेटावर गोड्या पाण्याचा एकही झरा नाही. त्यामुळे किल्ल्याच्या फरसबंदीला असा उतार दिला आहे की पावसाचा थेंब न् थेंब टाक्यात उतरावा. दगडी शहरातल्या घरांचीही तीच रीत: धाबं सपाट, पन्हळीतून पाणी घराखालच्या हौदात. आपल्या डोंगरी किल्ल्यांवरची टाकी ज्यानं पाहिली आहेत त्याला ही बुद्धी परकी वाटणार नाही. किल्ल्याच्या टाक्यातलं पाणी गावातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेलं आहे. किल्ला ज्यांच्यावर राज्य करायला बांधला त्यांची तहान त्यानंच भागवली, हे इथल्या इतिहासातलं गुंतागुंतीचं सत्य आहे आणि ते तसंच सांगायला हवं.

आता गोव्याकडे येतो, कारण मराठी वाचकासाठी या पुस्तकाचा दरवाजा तोच आहे.

माझी या देशाशी पहिली ओळख एका पोस्टाच्या तिकिटानं झाली. आजोळी, डिचोलीत, शेजारच्या घरातले एक काका आफ्रिकेत नोकरीला होते. गोव्यात अशा माणसाला ‘आफ्रिकार’ म्हणत. त्यांच्या जुन्या पत्रांवर फुलपाखरांची रंगीत तिकिटं असत. १९५३ मध्ये मोझांबिकच्या टपाल खात्यानं फुलपाखरांची एक सुंदर मालिका काढली होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की समुद्रापलीकडे एक जागा आहे, तिथे आपल्याला माहीत नसलेली फुलपाखरं आहेत आणि तिथून शेजाऱ्यांकडे पैसे येतात.

आपण गोव्याचा इतिहास वाचतो तो आल्बुकर्क, धर्मांतरं, संभाजीराजांची स्वारी, मुक्तिसंग्राम असा. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत होता, हे आपल्या वाचनात सहसा येत नाही. तिथला कप्तान गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली असे. उशीर झालेली लिस्बनची जहाजं या बेटावर वाऱ्याची वाट पाहत महिनोन्‌महिने थांबत. फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोचण्याआधी, १५४१-४२ मध्ये, इथे राहिला आणि आजारी खलाशांची सेवा करत होता. पोर्तुगालचा महाकवी लुईस द कामोंइश गोव्याहून परतताना १५६७ ते १५६९ च्या दरम्यान इथे अडकून पडला. त्याच्याकडे परतीच्या भाड्याचेही पैसे नव्हते, मित्रांच्या मदतीवर तो जगत होता, असं त्याच्या ओळखीच्या इतिहासकारानं, दियोगु दो कोउतुनं, नोंदवून ठेवलं आहे. आज बेटावर त्याचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

साओ पाउलो राजवाड्यात गेलात तर तिथल्या खुर्च्या, पलंग आणि कपाटं नीट पाहा. ही वास्तू मुळात जेझुइटांचं विद्यालय होती, १७६० च्या दशकात गव्हर्नरचं निवासस्थान झाली आणि आता संग्रहालय आहे. तिथलं बरंचसं लाकडी सामान गोव्याच्या सुतारांनी घडवलेलं आहे. काळसर लाकूड, पाठीवर दाट वेलबुट्टी, वेताची बैठक. मडगावच्या किंवा चांदोरच्या जुन्या वाड्यात बसल्यासारखं वाटतं. मी तिथल्या एका खुर्चीसमोर बराच वेळ उभा राहिलो. तिचे हात झिजून गुळगुळीत झाले होते. ते घडवणाऱ्या सुताराचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. त्यानं कदाचित समुद्र ओलांडलाही नसेल, त्याची खुर्ची मात्र दोनअडीचशे वर्षं आफ्रिकेत आहे.

शब्दांचंही तसंच. मापुतोच्या बाजारात उभं राहिलं की कानावर ओळखीचे शब्द पडतात: बटाटा, अननस, चावी, पाव, फीत, लिलाव. उच्चार थोडे वेगळे, वस्तू त्याच. हे शब्द आपल्याकडे ज्या जहाजांतून आले त्याच जहाजांतून तिथेही उतरले. आणि एक शब्द आफ्रिकेकडून आपल्याकडे आला आहे, जो आपण विसरत चाललो आहोत. पोर्तुगीज लोक आफ्रिकी माणसाला ‘काफ्रे’ म्हणत, अरबी ‘काफिर’वरून. गोव्यात त्याचा ‘खापरी’ झाला. ज्या माणसांना गुलाम म्हणून मोझांबिकहून गोव्यात आणलं, त्यांच्यासाठी तो शब्द होता. गोव्यात काही ठिकाणी आजही ‘खापरी’ या नावाचं स्थान राखणदार म्हणून पुजलं जातं. नारळ ठेवणाऱ्याला ती आठवण कोणाची आहे हे ठाऊक असेलच असं नाही.

इथे लेखकानं डोळे झाकून चालणार नाही. या किनाऱ्याची श्रीमंती हस्तिदंत, सोनं आणि माणसं विकून आली, आणि त्या व्यवहारात चलन होतं आपल्या देशातलं कापड. दीव आणि दमणचे व्यापारी ते आणत. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयनं दीवच्या वाण्यांच्या मंडळाला दीव ते मोझांबिक या व्यापाराचा मक्ता दिला. कापडाच्या गाठी आणि काचेचे मणी आत, खंडाच्या पोटात जात. बाहेर येत हत्तीचे दात आणि साखळीतली माणसं. गोव्याची माणसंही नुसती कारकून आणि पाद्री नव्हती. म्हापशात जन्मलेला मानुएल आंतोनियो द सोझा एकोणिसाव्या शतकात गोरोंगोझाच्या मुलखात स्वतःचं सैन्य बाळगून जवळजवळ राजासारखा राहिला. मोझांबिकचं दुःख लिहिताना आपण त्यात कुठे होतो हे सांगितलं नाही, तर ते लिहिण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही, असं मी मानतो.

एका जहाजाची हकीकत सांगतो. १७९४ च्या एप्रिलमध्ये ‘साओ जुझे’ नावाचं जहाज लिस्बनहून निघालं. त्याच्या मालाच्या यादीत हजाराहून अधिक लोखंडी पट्ट्या होत्या. माणसांनी भरलेलं जहाज मालानं भरलेल्या जहाजापेक्षा हलकं असतं, माणसं हलतातही. म्हणून तोल सांभाळायला तळाशी लोखंड. मोझांबिक बेटावर चारशेहून अधिक माणसं भरून ते ब्राझीलकडे निघालं आणि डिसेंबरच्या अखेरीस केपटाऊनजवळ खडकांवर फुटलं. दोनशेहून अधिक गुलाम बुडाले. जे वाचले त्यांना किनाऱ्यावर पुन्हा विकलं. २०१५ मध्ये या जहाजाची ओळख पक्की झाली आणि मोझांबिकहून नेलेली माती त्या ठिकाणी समुद्रात सोडण्यात आली. त्यातलं काही लोखंड पुढे वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात मांडलं गेलं. ते पाहायला मी गेलेलो नाही. मी बेटावरच्या धक्क्यावर गेलो, जिथून ती माणसं चढली. १८३६ मध्ये पोर्तुगालनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार पुढे कित्येक दशकं चालला. गुलामी संपल्यावर ‘शिबालो’ आला, म्हणजे सक्तीची मजुरी, आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही राहिली.

बेटाच्या किनाऱ्यावर पोरं मण्यांच्या माळा विकतात. लाल, निळे, पिवळसर काचमणी, ज्वारीच्या दाण्याएवढे. फुटलेल्या गलबतांतून लाटांबरोबर अजूनही ते वाळूत येतात; पोरं ओहोटीला वेचतात आणि दोऱ्यात ओवतात. मी एक माळ घेतली. घरी आल्यावर लेकीनं ती गळ्यात घातली, मग हे मणी कशासाठी जहाजात भरलेले असत ते मी तिला सांगितलं. तिनं ती काढली नाही. पण त्या दिवशी ती बराच वेळ मणी बोटांत फिरवत बसली होती.

मकुतीत शिरलं की वेगळ्या गोष्टी दिसतात. सकाळी उंबऱ्यात बसलेली बाई, तिच्यासमोर सपाट दगड, हातात लाकडाचा तुकडा. दगडावर थोडं पाणी शिंपडून ती लाकूड गोल गोल घासते. पांढरट गंध निघतं, ते ती गालांवर, कपाळावर, नाकावर लावते. याला मुसिरो म्हणतात. माखुवा बायकांचं हे सौंदर्यप्रसाधन, त्वचा मऊ राहावी म्हणून आणि शोभा म्हणूनही. मी पाहतच राहिलो, कारण माझी आजी सहाणेवर चंदन अशीच उगाळायची, तसंच मनगट वाकवून, तसंच मध्ये थांबून बोटानं गंध गोळा करत. त्या बाईनं मला दगड पुढे केला. मी घासून पाहिलं, फार पाणी टाकलं, गंध पातळ झालं. तिनं मान हलवून लाकूड परत घेतलं आणि कसं घासायचं ते दाखवलं. मुसिरो लावून, एकसारखी कापुलाना नेसून, डफांच्या तालावर बायका ओळीनं बसून किंवा उभ्यानं तुफो नाचतात. हा नाच मुसलमानी परंपरेतून आला आणि इथे येऊन बायकांचा झाला.

कापुलाना म्हणजे दोन वार लांबीचं छापील सुती कापड. कमरेला गुंडाळायचं, पोर पाठीशी बांधायचं, डोक्याला बांधायचं, मेलेल्यावर पांघरायचंही तेच. लग्नात देतात, बाळंतपणात देतात, आणि म्हाताऱ्या बायकांच्या पेटीत घडीवर घडी जपलेली असते. नक्षीवरून कापुलानांना नावं पडतात आणि कोणती कधी नेसायची याची भाषा असते. ती विकणारे दुकानदार पूर्वीपासून बहुतकरून भारतीय वंशाचे. मापुतोतल्या अशा एका दुकानात गल्ल्यावर बसलेल्या वयस्क गृहस्थांनी मी कुठला म्हणून विचारलं. मुंबईकडचा म्हटल्यावर ते हिंदी-गुजराती मिसळून बोलू लागले आणि मग अचानक १९६१ वर आले. त्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. आपल्यासाठी ती गोष्ट दीड दिवसात संपते. मोझांबिकमध्ये ती तेव्हा सुरू झाली. पोर्तुगीज सरकारनं तिथल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, दुकानं आणि मालमत्ता गोठवली, पुढे अनेकांना देश सोडावा लागला. ते गृहस्थ तेव्हा शाळकरी मुलगा होते. वडील छावणीत असताना आईनं कापडाचे ठोक कसे लपवले हे त्यांनी मला सांगितलं, आणि सांगता सांगता गिऱ्हाइकाला दोन वार मोजून दिलं.

स्वयंपाकघराबद्दल एक वेगळं प्रकरणच आहे, म्हणून इथे थोडक्यात. रस्त्यावर ‘बाजिया’ मिळते, चवळीच्या वाटणाची भजी, आणि ती पावात भरून खातात. समोसा तिथे ‘शामुसा’ आहे, लोणचं ‘आशार’, रस्सा ‘कारील’. कसाव्याचा पाला कांडून, शेंगदाण्याचं कूट आणि नारळाचं दूध घालून शिजवलेली मतापा मात्र शुद्ध तिथली, आणि कोळंबी घातलेली मतापा खाल्ली की मालवणी माणसाला दुसरं काही सुचत नाही. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनीच इथेही आणला आणि गोव्यातही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक हा जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक होता. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या अटींमुळे कच्च्या काजूवरचा निर्यातकर उतरवावा लागला, बिया भारतात येऊ लागल्या आणि तिथले कारखाने बंद पडून हजारो कामगार, त्यांत पुष्कळ बायका, घरी बसले. दगड कुठून आला हा प्रश्न वाटीतल्या काजूलाही विचारता येतो.

राजधानी मापुतो देशाच्या पार दक्षिणेला. पर्यटक तिथे रेल्वे स्टेशन पाहायला जातात आणि जावंच. हिरवा-पांढरा दर्शनी भाग आणि वरचा घुमट देखणा आहे. लोखंडी घरही पाहतात. १८९२ मध्ये लोखंडी पत्र्यांचे सुटे भाग युरोपातून आणून गव्हर्नरसाठी ते उभं केलं, पण उकाड्यानं त्यात राहणं अशक्य झालं. या दोन्हींचा कर्ता आयफेल असल्याचं सर्रास सांगतात. स्टेशन त्याचं नाही.

मी वाचकाला आग्रह करीन तो मापुतोच्या छोट्या किल्ल्यात जाण्याचा. गाझाच्या राज्याचा शेवटचा राजा न्गुंगुन्याने याला १८९५ मध्ये मोझिन्यो द आल्बुकर्क या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं पकडलं. त्याला अझोर्स बेटांवर हद्दपार केलं आणि तिथेच १९०६ मध्ये तो वारला. १९८५ मध्ये त्याचे अवशेष म्हणून जे परत आणलं ते कोरीव लाकडी पेटीत याच किल्ल्यात ठेवलं आहे. आणि शहरातल्या चौकातून स्वातंत्र्यानंतर हटवलेला मोझिन्योचा घोड्यावरचा पुतळाही याच किल्ल्याच्या अंगणात आणून ठेवला आहे. पकडणारा अंगणात, पकडलेला खोलीत. दोघांमध्ये पन्नास पावलंही नसतील. शत्रूचा पुतळा वितळवून टाकण्याऐवजी तो राजाच्या दाराशी ठेवण्याचा हा निर्णय मला फार प्रगल्भ वाटतो.

मापुतोतही मकुतीसारखाच दुसरा भाग आहे. पोर्तुगीज काळात शहरं दोन होती: सिमेंटचं आणि बोरूचं. आफ्रिकी वस्त्यांत पक्कं बांधकाम करायला मनाई होती, म्हणून बोरू, लाकूड आणि पत्रा. माफालाला ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध वस्ती. १९४२ मध्ये जन्मलेला फुटबॉलपटू युझेबियो इथला. १९६६ च्या विश्वचषकात सर्वाधिक नऊ गोल त्यानं केले ते पोर्तुगालसाठी. नोएमिया द सोझा ही कवयित्री इथेच वाढली. तिच्या पूर्वजांत गोव्याचंही रक्त होतं. जुझे क्रावेरिन्या हा कवी इथलाच, आणि १९९१ मध्ये पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च ‘कामोंइश’ पुरस्कार मिळालेला तो पहिला आफ्रिकी लेखक. त्या पत्र्याच्या घरांत जी भाषा घडली तिला शेवटी त्या कफल्लक कवीच्याच नावाचा मान मिळाला. स्वातंत्र्यचळवळीत गोव्याची माणसंही होती. बार्देशात जन्मलेले आकिनु द ब्रागांसा विद्यापीठातल्या आफ्रिकी अध्ययन केंद्राचे संचालक आणि राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार होते. १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात ते माशेल यांच्याबरोबर गेले.

झावालाला मी मुद्दाम गेलो, तिंबिला ऐकायला. चोपी लोकांचं हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली तिच्या स्वराला जुळणारा एक भोपळा, आणि भोपळ्याच्या छिद्रावर पातळ पडदा, त्यामुळे स्वराला मधमाशीसारखी गुणगुण येते. आपला तंबोऱ्याचा भोपळा आणि जवारीचा दोरा आठवावा. वादक दहा-वीस एकत्र बसतात, समोर नाचणारे ढाली घेऊन, आणि गाणी गावच्या कारभारावर टीका करणारी. चोपी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत गेले आणि तिथल्या कामगार वस्त्यांत तिंबिला वाजवत राहिले. युनेस्कोनं २००५ मध्ये या कलेला गौरवलं. पण ज्या झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या लागतात ते म्वेंजे हळू वाढतं आणि कमी होत चाललं आहे. मी ज्या कारागिराच्या अंगणात बसलो होतो त्यानं एक पट्टी ठोकून दाखवली, मग जुन्या घराच्या खांबातून काढलेला तुकडा दाखवला. नवीन लाकूड मिळत नाही म्हणून तो जुनी घरं शोधत फिरतो.

२५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध. त्याबद्दल इथे लांबण लावत नाही. गोरोंगोझाच्या प्रकरणात ते येईल, कारण त्या अभयारण्यातले प्राणी त्या युद्धात जवळजवळ संपले होते आणि गेल्या दोन दशकांत परत आले आहेत. एवढंच नोंदवतो की १९९५ पासून चर्चच्या पुढाकारानं लोकांनी लपवलेल्या बंदुका आणून दिल्या आणि बदल्यात शिलाई यंत्रं, सायकली, कुदळी नेल्या. त्या बंदुका कापून मापुतोच्या शिल्पकारांनी खुर्च्या आणि झाडं केली. २००१ मध्ये केश्तेर यानं केलेली तशी एक खुर्ची लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे.

प्रवासाला निघणाऱ्यानं दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उत्तरेकडच्या काबो देलगादो प्रांतात २०१७ पासून सशस्त्र हिंसाचार सुरू आहे. इबो बेटाचा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आणि तिथली चांदीची कारागिरी मला प्रिय असूनही त्या भागात जाण्याआधी ताजी खात्री करावी. आणि हा वादळांचा देश आहे. २०१९ च्या मार्चमध्ये इदाई वादळानं बेइरा शहर उद्ध्वस्त केलं. २०२२ च्या मार्चमध्ये गोंबे वादळ मोझांबिक बेटाच्याच किनाऱ्यावर आदळलं. अशा वेळी दगडी घरांची कौलं-धाबी जातात, मकुतीत छप्परच जातं.

१९९१ मध्ये बेट जागतिक वारसा यादीत आलं, मकुतीसकट. कागदावर दोन्ही भाग एकच आहेत. पण डागडुजीचा पैसा दगडाच्या मागे आधी जातो. जुनी घरं नीट होऊन पाहुण्यांसाठी उघडतात आणि ते चांगलंच आहे. खड्ड्यात झाप महाग झाल्यामुळे पत्रे येताहेत. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, पण पत्रा वर्षावर्षाला शाकारावा लागत नाही. तिथल्या बाईनं पत्रा घातला तर वारसा बिघडला म्हणून तिला दोष देण्याची माझी तयारी नाही. झाप परवडतील अशी सोय आधी व्हावी.

मोझांबिकवरची प्रवासवर्णनं बहुधा किल्ल्यापासून सुरू होतात. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या कडेपासून, रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या पायवाटेवर सुरू होतं. वेळ पहाटेची, ओहोटी लागलेली. दगडी शहरात अजून कोणी उठलेलं नाही. खाली मात्र चुली पेटल्या आहेत, मशिदीतली नमाज आटोपली आहे, आणि एका उंबऱ्यात दगडावर लाकूड घासल्याचा आवाज येतो आहे.